जुनी जॅग्वार बिघडते ती कशामुळे?

मोटारींतले फारसे न कळणारा माणूसही एक सल्ला छातीठोकपणे देतो: जुनी जपानी गाडी घ्या, परवडत असेल तर जुनी जर्मन घ्या, पण जुनी ब्रिटिश आलिशान गाडी दारात आणू नका. जॅग्वार, रेंज रोव्हर, बेंटली, रोल्स-रॉइस ही नावे मोठी, पण गाडी महिन्यातले पंधरा दिवस गॅरेजात आणि मालक कर्जात. हे मत केवळ मुंबई-पुण्याच्या बाजारात ऐकू येते असे नाही. खुद्द इंग्लंडात आणि अमेरिकेत ते पन्नास वर्षे मुरलेले आहे. गाडी ब्रिटिश आहे, म्हणून ती बिघडणार, असे हे सरळ अनुमान. मला ते चुकीचे वाटते. बिघाड होतात हे खरे, पण हे मत त्यांचे कारण भलत्याच ठिकाणी दाखवते, आणि त्याचा भुर्दंड गाडी घेणाऱ्यालाच बसतो.

प्रतिपक्षाचे म्हणणे आधी पूर्ण ताकदीने मांडावे आणि मगच खोडावे, हा आपल्या वादपद्धतीचा दंडक. तेव्हा पूर्वपक्षाला त्याचा न्याय्य वाटा देऊ.

१९६८ मध्ये ब्रिटिश लेलँड उभी राहिली आणि जॅग्वार, रोव्हर, ट्रायम्फ, ऑस्टिन, मॉरिस ही सगळी नावे एका छपराखाली आली. त्याच वर्षी आलेली जॅग्वारची एक्सजे६ ही त्या काळातल्या सर्वांत शांत आणि मऊ चालणाऱ्या गाड्यांपैकी एक होती. पण सत्तरचे दशक संपांत आणि तोट्यात गेले. १९७५ मध्ये सरकारला ती कंपनी ताब्यात घ्यावी लागली. १९७९ मध्ये एक्सजेची तिसरी मालिका आली तेव्हा कॅसल ब्रॉमविचच्या कारखान्यातल्या रंगकामाचा असा गोंधळ होता की सुरुवातीला ही महागडी गाडी लाल, पिवळा आणि पांढरा अशा तीनच रंगांत मिळत असे. त्या वर्षांतल्या गाड्या गंजत, त्यांच्या काचा मध्येच अडकत, पेट्रोलच्या टाक्यांची अदलाबदल करणारी कळ दगा देई. यात खोटे काही नाही.

पूर्वपक्षाचा सर्वांत बळकट पुरावा मात्र १९८६ चा आहे. रोव्हर आणि होंडा यांनी मिळून एक मोठी गाडी आखली. होंडाने तिची लेजंड केली, रोव्हरने ८००. अमेरिकेत पहिली ‘अक्युरा’ म्हणून विकली गेली, दुसरी ‘स्टर्लिंग’ म्हणून. सांगाडा बव्हंशी एक, आणि स्टर्लिंगमधले व्ही६ इंजिनही होंडाचेच. अक्युरा ग्राहकांच्या समाधानाच्या पाहणीत अव्वल ठरली. स्टर्लिंगची इतकी नाचक्की झाली की १९९१ मध्ये तिला अमेरिकेतून गाशा गुंडाळावा लागला. आराखडा सारखा, इंजिन सारखे, मग फरक आला कुठून? कारखान्यातून. आणि कारखाना ब्रिटिश. शिवाय जे. डी. पॉवर या अमेरिकी संस्थेच्या टिकाऊपणाच्या पाहणीत लँड रोव्हर अनेक वर्षे तळाशी राहिली आहे. पूर्वपक्ष इथे संपतो, आणि तो कच्चा नाही हे मी मान्य करतो.

आता उत्तर. न्यायशास्त्रात अनुमानाच्या एका दोषाचे नाव ‘उपाधी’ आहे, आणि त्याचे उदाहरण शिकणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते. जिथे धूर तिथे अग्नी, हे बरोबर. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे बरोबर नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. धूर येतो तो अग्नीशी ओल्या इंधनाचा संयोग झाला म्हणून. ओले इंधन ही तिथली उपाधी, आणि ती ओळखली नाही तर माणूस धुरासाठी अग्नीलाच दोष देत राहतो. ‘ब्रिटिश गाडी बिघडते’ या अनुमानातही एक उपाधी लपलेली आहे. ती शोधायची असेल तर ब्रिटिशपणा कायम ठेवून बाकीचे बदलले की काय होते, ते आधी पाहायला हवे.

हा प्रयोग इतिहासाने आपणहून करून ठेवला आहे. ज्या १९८६ साली काउलीच्या कारखान्यातून रोव्हर ८०० बाहेर पडली, त्याच साली सुंदरलँडला निसानचा कारखाना सुरू झाला. तिथले कामगार इंग्लंडच्या ईशान्य टोकाचे, जिथली जहाजबांधणी आणि कोळशाच्या खाणी बंद पडत होत्या. मोटार बांधण्याचा वारसा त्या भागाला नव्हता. तो कारखाना पुढे युरोपातल्या सर्वांत उत्पादक कारखान्यांत गणला गेला. १९९२ मध्ये डर्बीशरमधल्या बर्नास्टनला टोयोटाचा कारखाना आला, आणि तिथल्या गाड्यांना कोणी ‘ब्रिटिश आहे, जपून’ असे म्हटलेले माझ्या ऐकण्यात नाही. हवामान तेच, हात तेच, भाषाही तीच. रोव्हर ८००च्या पुराव्यातून सिद्ध होतो तो एका व्यवस्थापनाचा, एका काळच्या तपासणीचा आणि पुरवठादारांच्या एका साखळीचा दोष. पूर्वपक्ष त्यावरून सबंध देशाला आरोपी करतो.

पुरवठादारांचा मुद्दा मी हवेतून आणलेला नाही. १९८० मध्ये जॉन ईगन जॅग्वारचे प्रमुख झाले तेव्हा कंपनी बंद पडण्याच्या बेतात होती. त्यांनी सर्वांत आधी तक्रारींची यादी करवली. वारंवार येणारे सुमारे १५० दोष निघाले, आणि त्यांतले जवळपास ६० टक्के बाहेरून विकत घेतलेल्या भागांचे होते. म्हणजे जॅग्वारच्या कॉव्हेंट्रीतल्या कामगाराने गाडी कितीही मन लावून जोडली असती, तरी निम्म्याहून अधिक दोष तिच्यात आधीच येऊन बसलेले होते. ईगननी सदोष मालाचा वॉरंटीखर्च पुरवठादारांच्या माथी मारायला सुरुवात केली, आणि चारच वर्षांत, १९८४ मध्ये, जॅग्वार पुन्हा खासगी कंपनी म्हणून शेअरबाजारात उभी राहिली. कामगार तेच होते, आणि एक्सजेही तीच तिसऱ्या मालिकेची होती.

पुरवठादार म्हटले की विजेचे भाग बनवणाऱ्या बर्मिंगहॅमच्या लुकासचे नाव येतेच, आणि त्याच्यावर मला थोडे थांबायचे आहे, कारण लुकासवर जितका अन्याय झाला तितका मोटारधंद्यातल्या दुसऱ्या कोणत्याही नावावर झालेला नसेल. ‘अंधाराचा राजपुत्र’ ही लुकासची कुचेष्टा जगभर चालते: दिवे लागत नाहीत, वायपर थांबतात, पावसात गाडी सुरू होत नाही. पण फॉर्म्युला वनच्या इतिहासातले सर्वांत यशस्वी इंजिन म्हणता येईल ते कॉसवर्थ डीएफव्ही १९६७ मध्ये आले, त्याने दीडशेच्या वर ग्रां प्री जिंकल्या, आणि त्याला पेट्रोल पुरवणारी यांत्रिक इंजेक्शन यंत्रणा लुकासची होती. ज्यांना एका सेकंदाचाही बिघाड परवडत नाही ते लुकासवर विसंबत होते. एकच कंपनी एकीकडे हे करते आणि दुसरीकडे हेडलाइट धड लावू शकत नाही, हे कसे?

उत्तर किमतीत आणि तारांच्या टोकांत आहे. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांत तारा जोडायला गोळीच्या आकाराची साधी टोके असत. परतीचा प्रवाह गाडीच्या पत्र्यातून जाई. सर्किटे पुष्कळ आणि फ्यूज हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून इंग्लंडच्या रस्त्यांवर मीठ टाकलेले. पत्रा गंजला की अर्थिंग जाते, अर्थिंग गेले की दिवा मंद होतो, आणि दिवा लुकासचा म्हणून शिवी लुकासला. मोटार कंपन्या लुकासकडून माल घेताना दर पेनीसाठी घासाघीस करत. जेवढ्या किमतीचा माल मागितला तेवढ्या किमतीचा मिळाला. आपल्याकडे याचा वेगळा दाखला आहे. १९६१ पासून मद्रासला लुकास-टीव्हीएस लुकासच्याच आराखड्याचे स्टार्टर आणि डायनामो बनवू लागली. मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली आपली अ‍ॅम्बॅसेडर २०१४ पर्यंत बनत राहिली, टॅक्सी म्हणून रात्रंदिवस पळली. ती बिघडत नव्हती असे कोणी म्हणणार नाही. पण कुठल्याही गावातला इलेक्ट्रिशियन तिची अर्थिंगची तार घासून, बोल्ट आवळून तिला पुन्हा रस्त्यावर आणी, आणि लुकास म्हणजे अंधार ही म्हण इथे रुजली नाही. जिथे त्या वायरिंगची निगा राखणारे लोक होते, तिथे तेच तंत्र चालून गेले.

आता जुन्या गोष्टी सोडून आज बाजारात मिळणाऱ्या गाड्यांकडे येऊ. इथे पूर्वपक्षाची एक लाडकी तुलना असते: जर्मन गाडी विश्वासाची, ब्रिटिश बेभरवशाची. ती भाग सुटे करून पाहू.

जॅग्वारचे एजे-व्ही८ इंजिन १९९६ मध्ये एक्सके८मध्ये आले, पुढच्या वर्षी एक्सजे८मध्ये. त्याच्या सिलिंडरांना निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचे, म्हणजे निकासिलचे, अस्तर होते. पेट्रोलमध्ये गंधक जास्त असले की हे अस्तर झिजते, कॉम्प्रेशन जाते, आणि इंजिन थंड असताना सुरू होईनासे होते. २००० मध्ये जॅग्वारने ते सोडून बिडाचे लायनर घातले. ‘ब्रिटिश अभियांत्रिकी’ म्हणून याच दोषाचे उदाहरण हमखास दिले जाते. पण नेमका हाच दोष, याच गंधकापायी, बीएमडब्ल्यूच्या एम६० या व्ही८ इंजिनात त्याआधी निघाला होता, आणि त्या कंपनीला अमेरिकेतल्या गाड्यांची इंजिने बदलून द्यावी लागली होती. एकाच अस्तराने दोन देशांत सारखाच दगा दिला, पण राष्ट्रीय स्वभावाचा पुरावा म्हणून त्यांतला एकच लक्षात राहिला.

त्या एजे-व्ही८चा दुसरा दोष खरोखर जॅग्वारचा स्वतःचा होता: टायमिंग चेनचे दुय्यम टेन्शनर प्लॅस्टिकच्या अंगाचे होते. ते तडकले की साखळी सुटते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. पुढे धातूच्या अंगाचे टेन्शनर आले आणि ते जुन्या इंजिनातही बसतात. एवढे एक काम झालेले असले तर त्या गाडीवरचा सर्वांत मोठा धोका टळतो. त्या गाडीचा पाच गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जर्मनीच्या झेडएफचा, आणि त्याच जातीचा बॉक्स बीएमडब्ल्यू ७४०मध्येही. दोन्ही गाड्यांच्या खरेदीदारांना सांगितले गेले की यातले तेल आयुष्यभर बदलायचे नाही. खुद्द झेडएफ मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरांच्या दरम्यान ते बदलावे असे सांगते. ज्यांनी मोटार कंपनीचे ऐकले त्यांचे बॉक्स गेले, मग बोनेटवर कोणतेही चिन्ह असो.

मग जर्मन गाड्या तेवढ्या निर्दोष होत्या का? मर्सिडीजच्या ई-क्लासचे इलेक्ट्रॉनिक ब्रेक २००४ मध्ये कंपनीला मोठ्या संख्येने परत बोलावून तपासावे लागले. ऑडीच्या ४.२ लिटरच्या व्ही८ची टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या अंगाला आहे, तिला हात लावायचा तर अनेक मॉडेलांत इंजिन खाली उतरवावे लागते. बीएमडब्ल्यूच्या एन६३ इंजिनासाठी कंपनीने अमेरिकेत खास दुरुस्तीमोहीम काढली. हे सांगून जर्मन गाड्यांना बदनाम करण्याचा माझा हेतू नाही, त्या उत्तम गाड्या आहेत. पण दोन टन वजनाची, हवेच्या फुग्यांवर तोललेली, डझनावारी कंट्रोल मॉड्यूल असलेली गाडी दहा वर्षांची झाली की ती कुठेही बनलेली असो, जवळपास सारख्याच ठिकाणी थकते. रबर वाळते, प्लॅस्टिक उष्णतेने ठिसूळ होते, साखळीचे मार्गदर्शक झिजतात.

आणि ब्रिटिश म्हणायचे तरी कशाला? तिसऱ्या पिढीची रेंज रोव्हर बीएमडब्ल्यूच्या मालकीच्या काळात घडली आणि सुरुवातीची वर्षे तिच्यात बीएमडब्ल्यूचे व्ही८ होते. २००३ ची बेंटली काँटिनेंटल जीटी फोक्सवॅगन फेटनची जवळची नातेवाईक, तिचे डब्ल्यू१२ इंजिन फोक्सवॅगन घराण्याचे, आणि तिची चार दारांची बहीण काही काळ चक्क ड्रेस्डेनला जोडली जात होती. डिस्कव्हरी आणि रेंज रोव्हर स्पोर्टचे ज्या व्ही६ डिझेलच्या क्रँकशाफ्टमुळे नाव खराब झाले, ते इंजिन फोर्ड आणि प्यूजो-सिट्रोएन यांचे संयुक्त अपत्य. ते फ्रेंच गाड्यांतही होते. २००८ पासून तर जॅग्वार आणि लँड रोव्हर टाटा समूहाच्या आहेत. एवढ्यानंतरही बिघाड ‘ब्रिटिश’ आणि चांगले ते ‘जर्मन घटक’ असे वाटप करणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे आहे.

जे. डी. पॉवरची पाहणीही नीट वाचली पाहिजे. तीन वर्षे जुन्या गाड्यांवरची ती पाहणी शंभर गाड्यांमागे किती तक्रारी एवढेच मोजते. पडद्याला फोन जोडला जात नाही ही एक तक्रार आणि इंजिन बसले हीही एकच. लँड रोव्हरचे आकडे वाईट आहेत आणि मी ते झाकत नाही. पण त्याच पाहणीत २००९ साली ब्यूइकच्या बरोबरीने पहिल्या क्रमांकावर होती जॅग्वार. दोन्ही ब्रिटिश, दोन्ही तेव्हा टाटांच्या छत्राखाली, आणि पाहणीत आलेल्या गाड्या बांधल्या गेल्या तेव्हा दोन्ही फोर्डच्या. ज्या कारणाने एक पहिली येते आणि दुसरी तळाला जाते, ते कारण ‘ब्रिटिशपणा’ असू शकत नाही.

तर मग उपाधी कोणती? माझे मत असे: ती वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात आहे. समजा, एक गाडी नवी असताना ९० लाखांची होती आणि दहा वर्षांनी ती १२ लाखांना मिळते. गाडीची किंमत उतरली, पण तिच्या एअर सस्पेन्शनच्या स्ट्रटची किंमत उतरली नाही. तो अजून ९० लाखांच्या गाडीचाच भाग आहे. पहिला मालक तो खर्च सहज करू शकत होता. तिसरा मालक १२ लाख कसेबसे जमवून आलेला असतो. तो तेल बदलणे पुढे ढकलतो, कूलंटऐवजी नळाचे पाणी घालतो, डॅशबोर्डवरचा दिवा स्कॅनर लावून पुसतो आणि गाडी चौथ्याला विकतो. चौथ्याच्या हातात ती बसते. तो म्हणतो, ब्रिटिश गाडी! त्याच्या बोलण्याने पुढच्या गाडीची किंमत आणखी उतरते, ती आणखी कमी ऐपतीच्या माणसाकडे जाते, तिची आणखी हेळसांड होते. जर्मन गाडीबाबत हेच घडते, पण तिची पत बरी असल्याने किंमत सावकाश उतरते आणि ती निगा राखू शकणाऱ्या हातांत थोडी अधिक काळ राहते. म्हणजे ही अपकीर्ती बिघाडांचे केवळ वर्णन करत नाही, ती बिघाड घडवते. प्रचलित मताचा मला खरा राग येतो तो यासाठी.

निगेवर सगळे कसे अवलंबून असते याचा सर्वांत स्पष्ट नमुना रोल्स-रॉइसची सिल्व्हर शॅडो. १९६५ ते १९८० मध्ये बनलेल्या या गाडीचे ब्रेक आणि मागची उंची सावरणारी यंत्रणा सिट्रोएनच्या परवान्याने घेतलेल्या उच्चदाबाच्या हायड्रॉलिक्सवर चालते. तिला आरआर३६३ हे खास ब्रेक फ्लुइड लागते. तिच्या जागी आलेल्या सिल्व्हर स्पिरिटला मात्र खनिज तेल लागते. बाहेरून दोन्ही यंत्रणा सारख्या वाटतात. एकीचे द्रव दुसरीत ओतले की सगळी सिले फुगून निकामी होतात आणि बिल डोळे पांढरे करते. अशी कित्येक ‘बेभरवशाची’ रोल्स एका चुकीच्या डब्याने मेलेली असते. आणि त्याच गाडीचे व्ही८ इंजिन? त्याचा वंश १९५९ मध्ये सुरू झाला आणि बेंटली मल्सानमधून तो थेट २०२० मध्ये थांबला. साठ वर्षे एका इंजिनाचा मूळ आराखडा चालू ठेवणे हे बेभरवशाच्या अभियांत्रिकीचे लक्षण खचितच नाही.

एक आक्षेप उरतो, आणि तो वजनदार आहे. जपानी लेक्सस एलएस४०० चे काय? ती गाडीही आलिशान, तीही वीस-पंचवीस वर्षांत चार हातांतून जाते, तिचीही हेळसांड होते, तरी ती चालते. खरे आहे. इथे दोन गुण वेगळे करावे लागतील. नीट राखली असता न बिघडणे हा एक गुण, आणि राखली नाही तरी न बिघडणे हा दुसरा. दुसऱ्याला मी सोशिकपणा म्हणेन. लेक्सस सोशिक आहे, आणि त्या बाबतीत जॅग्वार, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज या तिघीही तिच्या जवळपास पोहोचत नाहीत. ज्याला सोशिक गाडी हवी त्याने लेक्ससच घ्यावी, यावर माझा पूर्वपक्षाशी वाद नाही. पण सोशिकपणा नसणे आणि विश्वासार्हता नसणे यांत अंतर आहे, आणि ते पुसून टाकल्यामुळेच गोंधळ माजतो.

आपल्या बाजारात हा वाद आता नुसता पुस्तकी राहिलेला नाही. २०११ मध्ये पुण्यात लँड रोव्हरच्या फ्रीलँडर २ ची जुळणी सुरू झाली, मग जॅग्वार एक्सएफची, आणि त्या गाड्या आज तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे फिरत आहेत. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्याने तिकडच्या रेंज रोव्हर आणि डिस्कव्हरीही स्वस्तात महाराष्ट्रात येतात. घेणारा पहिला प्रश्न किती किलोमीटर चालली हा विचारतो. मी तो शेवटी विचारेन. व्ही६ डिझेल असेल तर इंजिन ऑइल किती अंतराने बदलले त्याची बिले, टायमिंग बेल्ट बदलल्याची तारीख, गिअरबॉक्सचे तेल कधी आणि कोणत्या प्रतीचे घातले, ५ लिटरचे पेट्रोल व्ही८ असेल तर साखळीचे टेन्शनर आणि प्लॅस्टिकचे कूलंट पाइप बदलले का, एवढे कागद आधी पाहावेत. गाडी रात्रभर सपाट जागी उभी ठेवून सकाळी तिचा एखादा कोपरा बसलेला आहे का ते बघावे. सीटखालचा गालिचा उचलून ओल आणि चिखलाचा वास तपासावा, कारण पुरात बुडालेल्या गाडीची वायरिंग कोणत्याही देशाची असली तरी सावरत नाही. बॅटरीचा दाब मोजल्याशिवाय डॅशबोर्डवरच्या इशाऱ्यांवरून निष्कर्ष काढू नये. या गाड्यांत बॅटरी दुबळी झाली की गिअरबॉक्सपासून सस्पेन्शनपर्यंत सगळे दोष एकदम दिसू लागतात. कागद पुरे असतील, तर त्याच वयाच्या बीएमडब्ल्यूपेक्षा एक्सएफला मी कमी भरवशाची मानणार नाही. कागद नसतील तर गाडी सोडून द्यावी, आणि शेजारी उभ्या असलेल्या मर्सिडीजचेही कागद तितक्याच बारकाईने मागावेत.